आहार व उपवास यांचा निरोगी व्यक्तीच्या रक्तवायू-मापनावरील परिणाम

प्रस्तावना : धमनीतील रक्ताच्या वायू-चाचणीतून प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड यांचे दाब, पीएच आणि बायकार्बोनेटचे प्रमाण समजते. निरोगी प्रौढ व्यक्तीत पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मि.मी. पारा व बायकार्बोनेट २२ ते २६ मिलिमोल प्रतिलिटर असते. रक्तशर्करेप्रमाणे या चाचणीसही उपाशीपोटी जावे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भोजनोत्तर बदल : जेवणानंतर जठरातील पेशी आम्ल स्रवतात. जठरात जाणाऱ्या प्रत्येक हायड्रोजन आयनामागे एक बायकार्बोनेट आयन रक्तात येतो. यास क्षारतेची भरती म्हणता येईल. पुढे स्वादुपिंड आतड्यात बायकार्बोनेट सोडते आणि ही भरती ओसरते. दुसरा बदल चयापचयाचा. कर्बोदकांचा श्वसन गुणांक १.०, तर स्निग्धांचा सुमारे ०.७ आहे. म्हणजेच भात-भाकरीच्या जेवणानंतर कार्बन डायऑक्साइड अधिक निर्माण होतो. परंतु मेंदूतील श्वसनकेंद्र त्या प्रमाणात श्वसन वाढविते, त्यामुळे धमनीतील दाब जवळजवळ स्थिर राहतो. प्राणवायूचा दाब तर आहारापेक्षा फुप्फुसांचे कार्य, वय व स्थानाची उंची यांवर अवलंबून असतो.

उपवासातील बदल : रात्रभराच्या उपवासात यकृतातील ग्लायकोजेन पुरते, म्हणून मापनात विशेष फरक पडत नाही. सुमारे एक दिवसानंतर हा साठा संपत येतो व कीटोन आम्ले वाढू लागतात. त्यांच्या उदासीनीकरणात बायकार्बोनेट खर्च होते, श्वसन किंचित वाढते आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब थोडा उतरतो. निरोगी व्यक्तीत बायकार्बोनेट सहसा १८ च्या खाली जात नाही.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. एकादशीस खाल्ले जाणारे साबुदाणा, वरी व बटाटा हे पदार्थ पिष्टमय आहेत. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीनेही सार्थ ठरते. याउलट जैन परंपरेतील केवळ पाण्यावरील आठ दिवसांची अठ्ठाई हा चयापचयाच्या अर्थाने खरा उपवास होय.

निष्कर्ष : केवळ रक्तवायू-चाचणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. मात्र शेवटच्या जेवणाची वेळ व उपवासाचे स्वरूप यांची नोंद अवश्य व्हावी. दीर्घ उपवास करणाऱ्या निरोगी व्यक्तीचे किंचित घटलेले बायकार्बोनेट हे आजाराचे लक्षण असेलच असे नाही. तथापि ग्लिफ्लोझिन गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेहींत, साखर फारशी वाढलेली नसतानाही, उपवासामुळे गंभीर कीटोन-आम्लता उद्भवू शकते. तेथे घटलेले बायकार्बोनेट ‘उपवासामुळे असेल’ म्हणून दुर्लक्षिणे जिवावर बेतू शकते. आकडा तोच असला, तरी त्याचा अर्थ रुग्णाची माहिती घेतल्याशिवाय लागत नाही.