महाराष्ट्रातील प्राथमिक फ्रेंच अध्ययन

फ्रेंच ही लॅटिनपासून निर्माण झालेली रोमान्स गटातील भाषा असून मराठी व इंग्रजीप्रमाणे तीही भारत-युरोपीय भाषाकुलात मोडते. महाराष्ट्रात परदेशी भाषा म्हणून तिचे अध्ययन मुख्यतः मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत होते. वर्गातील स्पष्टीकरण बहुधा इंग्रजीतून दिले जाते. मात्र इंग्रजी भाषकाला अवघड वाटणारे फ्रेंच व्याकरणाचे अनेक विशेष मराठीत आधीपासून आहेत. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याच्या सोयी आणि अडचणी इंग्रजी भाषकापेक्षा वेगळ्या ठरतात. या लेखात फ्रेंच उच्चार देवनागरीत स्थूलमानाने दिले आहेत.

अध्यापनाची स्थिती

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात फ्रेंच हा भाषाविषय म्हणून घेता येतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत अकरावीला फ्रेंच निवडणाऱ्यांमध्ये मराठी घरांतील मुलेही असतात. या विषयात गुण अधिक मिळतात, ही समजूत त्यामागचे एक कारण होय. राज्याच्या २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. त्यापुढे भाषेची निवड करताना पुष्कळदा मराठी सोडून फ्रेंच घेतली जाते. पदव्युत्तर स्तरावर मुंबई विद्यापीठाच्या कालिना (सांताक्रूझ) येथील संकुलात फ्रेंच विभाग आहे. विद्यापीठाबाहेर आलियाँस फ्राँसेझ या संस्थेचे वर्ग चालतात. ही संस्था १८८३ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाली.

उच्चार

फ्रेंचमधील ‘त’ आणि ‘द’ हे मराठीप्रमाणे दंत्य आहेत. इंग्रजीतील त्यांच्या जागचे वर्ण मराठी कानाला ‘ट’, ‘ड’ असे ऐकू येतात. फ्रेंच ‘प’, ‘त’, ‘क’ यांत महाप्राणत्वही नसते. म्हणून टेबल या अर्थाचा ‘ताब्ल’ हा शब्द मराठी भाषकाला सहज उच्चारता येतो. इंग्रजी वाचनाच्या सवयीने त्याचे ‘टाब्ल’ केले की ही सोय वाया जाते.

अनुनासिक स्वर हे फ्रेंचचे वैशिष्ट्य आहे. ‘बों’ (चांगला), ‘व्हँ’ (वीस), ‘साँ’ (शंभर) यांत नाकातून निघणारा स्वर हा स्वतंत्र वर्ण असतो. त्यानंतर ‘न’ किंवा ‘म’ उच्चारायचा नसतो. प्रमाण मराठीच्या उच्चारातून असे स्वर बहुतांशी लोपले असून १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वारही वगळले. कोकणीत मात्र अनुनासिक स्वर जिवंत आहेत.

‘त्यु’ (तू) या शब्दातील स्वर मराठीत नाही. ‘ऊ’साठी करतात तसा ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हटल्यास तो साधतो. फ्रेंच ‘र’ जिभेच्या टोकाने नव्हे, तर पडजिभेजवळ होतो.

शब्दान्तीची व्यंजने बहुधा अनुच्चारित असतात, परंतु पुढे स्वर आल्यास त्यांपैकी काही प्रकट होतात. ‘इल सों’ म्हणजे ‘ते आहेत’ आणि ‘इलझों’ म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’. येथे ‘स’ आणि ‘झ’ यांच्या फरकाने अर्थ बदलतो.

लिंग व विशेषण

इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नाही. मराठीत तीन लिंगे आहेत व फ्रेंचमध्ये दोन. खुर्ची निर्जीव असूनही स्त्रीलिंगी का, हा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला पडत नाही. त्याला केवळ प्रत्येक शब्दाचे लिंग लक्षात ठेवावे लागते. ‘ला शेझ’ (खुर्ची) दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आणि ‘ल सोलेय’ (सूर्य) दोन्हींत पुल्लिंगी आहे. परंतु ‘ला ल्युन’ (चंद्र) फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे. मराठीतील नपुंसकलिंगी घर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी (‘ला मेझों’), तर पुस्तक पुल्लिंगी (‘ल लिव्ह्र’) होते. म्हणून नाम नेहमी ‘ल’ किंवा ‘ला’ या उपपदासह पाठ करावे.

‘चांगला मुलगा’, ‘चांगली मुलगी’ याप्रमाणे फ्रेंच विशेषणही नामानुसार बदलते. ‘पती’ (लहान) याचे स्त्रीलिंगी रूप ‘पतीत’, तर ‘ग्राँ’ (मोठा) याचे ‘ग्राँद’ होते. बहुतेक विशेषणे नामानंतर येतात. मोजकी नित्याची विशेषणे, उदाहरणार्थ ही दोन, नामाआधी येतात.

सर्वनामे

‘त्यु’ आणि ‘वू’ यांतील भेद ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखा आहे. एकाच व्यक्तीला आदराने ‘वू’ म्हटले तरी क्रियापद अनेकवचनी राहते. ‘आँ’चा ध्वनी ओठ गोलावून काढल्यास होणारे ‘ओं’ हे सर्वनाम मराठी ‘आपण’ याच्या जवळचे आहे. ते ‘आम्ही’, ‘आपण’ किंवा ‘कोणीही माणूस’ या अर्थांनी येते. कर्मरूप सर्वनाम क्रियापदाआधी येत असल्याने ‘ज ल व्वा’ या वाक्याचा क्रम ‘मी त्याला पाहतो’ असाच आहे.

एक फरक मात्र चुकीस कारणीभूत होतो. मराठीत ‘आलो’, ‘गेलीस’ असे कर्त्यावाचून म्हणता येते. फ्रेंच विधानात कर्ता सांगावाच लागतो. ‘पार्ले’ (बोलणे) या क्रियापदाची मी, तू, तो व ते यांची रूपे लेखनात सगळी एकसारखी नसली, तरी उच्चारात सारखीच ‘पार्ल’ होतात. त्यामुळे कर्ता कोण हे सर्वनामावरूनच कळते.

भूतकाळ

बोलीतील नेहमीचा भूतकाळ साहाय्यक क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित यांनी होतो. येणे, जाणे यांसारख्या काही अकर्मक क्रियापदांत धातुसाधित कर्त्यानुसार बदलते. ‘तो आला’ व ‘ती आली’ यांसाठी ‘इल ए व्हन्यु’ व ‘एल ए व्हन्यु’ अशी वाक्ये होतात. उच्चार सारखा असला तरी स्त्रीलिंगी रूपाच्या अखेरीस एक अक्षर वाढते. सकर्मक क्रियापदांत, कर्म आधी आलेले असल्यास, धातुसाधित कर्मानुसार बदलते. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ या अर्थाच्या ‘ला लेत्र क जे एक्रीत’ या रचनेत चिठ्ठी स्त्रीलिंगी असल्याने ‘एक्री’चे ‘एक्रीत’ झाले.

हा नियम इंग्रजी भाषकालाच नव्हे, तर फ्रेंच मुलांनाही त्रास देतो. मराठीत ‘त्याने चिठ्ठी लिहिली’, ‘त्याने कागद लिहिला’ हा कर्मणी प्रयोग नित्याचा आहे. फरक इतकाच की फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदानंतर आल्यास हा बदल होत नाही.

संख्या

सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार वीस’ आणि नव्व्याण्णव म्हणजे ‘चार वीस दहा नऊ’, अशी फ्रान्समधील गणना आहे. ग्रामीण मराठीत ‘चार विसा’ म्हणजे ऐंशी अशी मोजणी परिचित होती. बेल्जियम व स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वद यांना स्वतंत्र शब्द आहेत.

शब्दसंग्रह

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत आलेल्या फ्रेंच शब्दांमुळे इंग्रजीची मदत मोठी होते, पण ती कधी फसवी असते. ‘लिब्रेरी’ म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. ‘आताँद्र’ म्हणजे उपस्थित राहणे नव्हे, वाट पाहणे. ‘साव्हार’ आणि ‘कोनेत्र’ या दोहोंना इंग्रजीत एकच क्रियापद आहे. मराठीत मात्र ‘माहीत असणे’ व ‘ओळखणे’ असा भेद तयारच आहे.

पोर्तुगिजांकरवी मराठीत आलेले काही शब्द फ्रेंच शब्दांचे सख्खे भाऊबंद आहेत, कारण दोन्ही भाषांचे मूळ लॅटिन. पाव आणि ‘पँ’, साबण आणि ‘साव्हों’, पगार आणि ‘पेये’ (पैसे देणे) ही त्यांची उदाहरणे होत. पेशवाईतील ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’ (पहारा, रक्षक) यावरून आल्याचे मानले जाते. पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांच्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली तयार झाला होता.

परीक्षा

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीनुसार भाषाज्ञानाचे ए१ ते सी२ असे सहा स्तर आहेत. फ्रेंच शासनाच्या डेल्फ परीक्षा पहिल्या चार स्तरांच्या व डाल्फ शेवटच्या दोन स्तरांच्या असतात. डेल्फमध्ये श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असून उत्तीर्ण होण्यास एकूण ५० आणि प्रत्येक विभागात किमान ५ गुण लागतात. त्यामुळे केवळ लेखी व्याकरण पाठ करून ही परीक्षा उत्तीर्ण होता येत नाही.