पुढच्या दोन दातांमधला तिसरा

दुधाचे 20 आणि कायमचे 32, हा दातांचा हिशेब काही मुलांच्या तोंडात चुकतो. एखादा दात जास्तीचा तयार होतो, आणि त्याची आवडती जागा म्हणजे वरच्या पटाशीच्या दोन मोठ्या दातांच्या मध्ये किंवा मागे टाळूकडे. डॉक्टर त्याला मेसिओडेन्स म्हणतात. मुलींपेक्षा मुलग्यांत तो जास्त आढळतो.

बाहेर आलेला निमुळता दात निदान दिसतो. जास्त घोळ घालतो तो हाडात दडलेला. सातव्या-आठव्या वर्षी पटाशीचा एक दात येतो, जोडीदाराचा पत्ता नसतो, कारण जास्तीच्या दातानं त्याची वाट अडवलेली असते. 'येईल गं, याच्या काकालाही उशिराच आले होते,' म्हणत वर्ष निघून जातं. सहा महिन्यांत दुसरा दात आला नाही, तर एक्स-रे काढावा.

बहुधा दुखत काहीच नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. पण वर्गाच्या फोटोत ओठ घट्ट मिटलेले असतात, पेरू बाजूच्या दाढेनं खाल्ला जातो, 'स' म्हणताना हवा फटीतून निसटते. टोरांटोच्या संशोधकांनी 2002 मध्ये 11 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी दातातोंडाच्या त्रासाविषयी एक प्रश्नावली बनवली, पुढे 8 ते 10 वर्षांच्या मुलांसाठीही. तीत दुखण्याबरोबर हेही विचारतात: हसायचं टाळलंस का? कुणी चिडवलं का? उत्तर आईनं नाही, मुलानं द्यायचं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

जास्तीचा दात काढायची शस्त्रक्रिया तशी छोटी. जागा बधिर करून, फार घाबरणाऱ्या मुलाला भूल देऊन, हिरडी उचलतात, थोडं हाड कोरून दात काढतात, टाके घालतात. पुढचे काही दिवस सूज आणि मऊ भात. वेळ मात्र जपून ठरवावी लागते: फार लवकर केली तर शेजारच्या दाताच्या वाढत्या मुळाला धक्का लागू शकतो, फार उशिरा केली तर अडलेल्या दाताचा खाली येण्याचा जोर ओसरतो. कुणाच्या वाटेत नसलेला दात नुसता लक्षात ठेवला तरी चालतो.

आईवडिलांचा हिरमोड होतो तो नंतर. जास्तीचा दात काढला तरी आरशात फट तशीच! जागा असेल तर अडलेला दात आपोआप उतरतो, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. नाहीच उतरला तर त्याला बारीक साखळी चिकटवून तारांनी ओढून आणतात. हे मुलाला आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर त्याला आपण फसवले गेलो असं वाटतं. मिटलेली फट पुन्हा उघडायला बघते, म्हणून शेवटी दातांच्या मागे एक बारीक तार चिकटवून ठेवतात. ती बाहेरून दिसत नाही.