आधी विचारणा, मग संकोचन

भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. ती चालू होती तेव्हा शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. तारेतून फक्त क्रमांक जाई आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे पूर्ण वाक्य लिहून दिले जाई. वेळ आणि पैसा दोन्ही वाचे. मात्र एक अट होती: दोन्ही कचेऱ्यांजवळ तीच यादी हवी. मजकूर दाबून लहान करणे म्हणजे संकोचन. त्याच्या प्रत्येक प्रकाराला ही अट लागू आहे. संगणक ती कशी पाळतात, हे एका खेळाच्या उदाहरणावरून पाहू.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ याने ‘मड’ नावाचा खेळ लिहावयास घेतला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढविला. यात चित्रे नाहीत, सारे काही शब्दांत. खेळाडूने ‘उत्तर’ असे टंकले की पुढच्या दालनाचे वर्णन पडद्यावर उमटते. पुढे असे शेकडो खेळ इंटरनेटवर आले. खेळ चालविणारा संगणक तो सर्व्हर. खेळाडूकडील प्रोग्रॅम तो क्लायंट.

समजा, १०० खेळाडूंना प्रत्येकी सेकंदाला १,००० बाइट मजकूर पाठवायचा आहे. म्हणजे सेकंदाला १ लाख बाइट! हा भार हलका करण्यासाठी १९९८ साली ‘मड क्लायंट कॉम्प्रेशन प्रोटोकॉल’ हा संकेत तयार झाला.

संकोचन कसे होते?

“उत्तरेला दार आहे. दक्षिणेला दार आहे.” या ओळीत ‘ला दार आहे’ हा भाग दोनदा आला आहे. दुसऱ्या वेळी तो पुन्हा लिहिण्याऐवजी ‘इतके मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे उचला’ एवढे सांगितले तरी पुरते. ही युक्ती लेम्पेल आणि झिव्ह यांनी १९७७ साली मांडली. या खेळांत वापरली जाणारी ‘झेडलिब’ ही प्रणाली मागच्या ३२,७६८ बाइटांपर्यंत शोध घेते. खेळात तीच वर्णने वारंवार येत असल्याने बचत चांगली होते. येथे वेगळी यादी लागत नाही. आधी गेलेला मजकूर हीच दोघांची सामाईक यादी!

पण सर्व्हरने न विचारताच संकोचन सुरू केले तर? जुन्या क्लायंटला ते उलगडता येणार नाही. खेळाडूच्या पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतील आणि तो खेळाबाहेर पडेल. म्हणून आधी विचारणा हवी.

तीन पायऱ्यांचा करार

या विचारणेची भाषा ‘टेलनेट’ संकेतातून घेतली आहे. तिच्यात २५५ हा बाइट ‘पुढे मजकूर नाही, आज्ञा आहे’ असे सांगतो.

१. सर्व्हर पाठवितो: २५५, २५१, ८६. अर्थ: “मी संकोचन करायला तयार आहे.” (८६ हा संकोचनाचा क्रमांक.)

२. क्लायंट उत्तर देतो: २५५, २५३, ८६, म्हणजे “कर”; किंवा २५५, २५४, ८६, म्हणजे “करू नकोस”. ज्याला ८६ चा अर्थच ठाऊक नाही, त्याने नकार द्यावा असा टेलनेटचा नियम आहे. उत्तर आलेच नाही, तरी साधा मजकूर चालू राहतो.

३. होकार आल्यावर सर्व्हर पाठवितो: २५५, २५०, ८६, २५५, २४०. यातील २४० नंतरचा पहिलाच बाइट संकुचित असतो.

तिसरी पायरी कशाला, होकार पुरेसा नाही का? नाही. होकार सर्व्हरपर्यंत पोहोचेतो काही साधा मजकूर वाटेत असतोच. साधे कोठे संपले आणि संकुचित कोठे सुरू झाले, हे क्लायंटला अचूक कळले पाहिजे. एका बाइटाची चूक झाली तरी पुढचे सारे उलगडणे बिघडते.

पहिल्या आवृत्तीत याच खुणेत दोष होता. तेव्हा क्रमांक ८५ होता आणि खूण होती: २५५, २५०, ८५, २५१, २४०. टेलनेटच्या नियमानुसार अशा खुणेचा शेवट २५५, २४० असा हवा. येथे २४० च्या आधीचा २५५ नाही, त्यामुळे केवळ नियमाने चालणाऱ्या प्रोग्रॅमला खुणेचा शेवटच सापडत नसे. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत हा दोष काढला आणि जुन्या-नव्यात गोंधळ नको म्हणून ८६ हा नवा क्रमांक घेतला.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना चिठ्ठ्या पाठवाव्यात. दहा नेहमीच्या वाक्यांना क्रमांक द्या. प्रथम यादी एकाजवळच ठेवा, मग दोघांनाही द्या. शेवटी यादी दोघांजवळ असू द्या, पण क्रमांक कोणत्या चिठ्ठीपासून सुरू होतात हे सांगू नका आणि मजकुरात ‘३ वाजता ये’ अशी वाक्ये मिसळा. तिसऱ्या पायरीची गरज तुम्हांला आपोआप पटेल.