नळांतील खळबळ आणि तिचें नियंत्रण

नळांतून वाहणारें पाणी बाहेरून कितीहि शांत भासलें, तरी त्याच्या पोटांत बहुधा मोठी खळबळ माजलेली असते. मोठ्या नळांतून पाणी किंवा खनिज तेल दूरवर नेतांना पंपांची जी शक्ति घर्षणांत वांया जाते, तिचा बहुतेक भाग या खळबळीपायींच खर्च होतो.

मँचेस्टर येथील शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांचेच्या नळींतील पाण्यांत रंगाची बारीक धार सोडली होती. वेग कमी असतां ती धार ताणलेल्या दोऱ्याप्रमाणें सरळ जाई. तो एका मर्यादेपलीकडे वाढतांच दोरा विस्कटून रंग नळीभर पसरे. पहिला प्रवाह स्तरीय, तर दुसरा संक्षुब्ध होय. स्तरीय प्रवाहाचा वेग दुप्पट करण्यास दाबहि दुप्पट पुरतो. संक्षुब्ध प्रवाहास तो तिपटीहून अधिक लागतो.

ही खळबळ एकदां उत्पन्न झाली म्हणजे स्वतःच स्वतःचें पोषण करते. नळाच्या भिंतीलगतचें पाणी जवळजवळ स्थिर असतें व मध्यावरचें वेगवान असतें. लहान लहान भोंवरे मंद पाणी आंत ओढतात आणि वेगवान पाणी भिंतीकडे लोटतात. त्यायोगें मंद व वेगवान पाण्याचे लांबट पट्टे बनतात. ते मोडले कीं नवे भोंवरे जन्मास येतात. हें चक्र कोठें तरी तोडणें, हाच त्यावरील उपाय होय.

एक उपाय रसायनाचा आहे. लांबलचक साखळीसारखे रेणू द्रवांत अत्यल्प प्रमाणांत मिसळले, तर ते भोंवऱ्यांचा जोर मोडतात. बी. ए. टॉम्स यांनीं १९४८ सालीं हॉलंडमधील परिषदेंत या परिणामाची माहिती दिली, आणि १९७९ पासून अलास्काच्या तेलवाहिनींत त्याचा उपयोग होऊं लागला. मात्र पंपाच्या पात्यांतून जातांना या साखळ्या तुटतात, म्हणून तें द्रव्य पुनःपुन्हां घालावें लागतें.

दुसरा उपाय कांट्यानें कांटा काढण्याचा आहे. ऑस्ट्रियांतील ब्यर्न होफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१८ सालीं दाखविलें कीं, फिरत्या पात्यांनीं पाणी आणखी जोरानें घुसळलें, तर मध्यावरचा वेग उतरतो, भिंतीजवळचा वाढतो, आणि नळाच्या रुंदींतील बहुतेक भागांत वेग सारखा होतो. वेगांतील ज्या तफावतीवर भोंवरे पोसले जातात, तीच अशा रीतीनें नाहींशी होते. खळबळ विरते आणि पुढें सरळ, गुळगुळीत नळांत प्रवाह स्तरीय राहतो. घर्षणाची हानि यानें ९० टक्क्यांपर्यंत घटूं शकते.

तथापि पात्यांचा हा प्रयोग मंद प्रवाहांवरचा होता. मोठ्या तेलवाहिन्यांतील खळबळ त्याहून कितीतरी प्रबळ असते, आणि वांकणें व सांधे तिला पुन्हां जागें करूं शकतात. ही अडचण दूर झाली, तर पंपांना लागणाऱ्या इंधनाची व विजेची फार मोठी बचत होईल.