शाळेत निघालेला कुत्रा

नाशिककर श्वानप्रेमींनो, आपला कुत्रा चिमुकल्यांच्या शाळेत न्यायची हौस आहे? मग हे वाचा.

कुत्रा सोबत असला की अबोल मुलं मोकळी होतात, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये मांडलं. त्यांच्या कुत्र्याचं नाव जिंगल्स. १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मुलांनी कुत्र्याला गोष्टी वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. मला तो फार आवडतो. मूल अडखळलं तरी हा श्रोता चुका काढत नाही, हसत नाही! आपल्याकडे मीनल कविश्वर यांच्या ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ने कुत्र्यांच्या सोबतीने मुलांना मोकळं करण्याचं काम रुजवलं.

जात बघू नका, स्वभाव बघा. शांत देशी कुत्राही उत्तम. मात्र अल्लड पिल्लू नको. शेपटी ओढली, डबा दाणकन पडला, तरी न बिथरणारा हवा. रेबीजची लस, जंतनाशक, कापलेली नखं, आधी प्रशिक्षकाकडून स्वभावाची तपासणी, यात सवलत नाही. शाळेची आणि पालकांची परवानगी, अ‍ॅलर्जीची चौकशीही हवीच. घाबरणाऱ्या मुलाला पुढे ढकलू नका. लांबून बघू द्या.

कुत्रा सारखा जांभया देतोय, ओठ चाटतोय, तोंड फिरवतोय? तो लाडात आलेला नाही, वैतागलाय. लगेच बाहेर न्या.

मुलांना एवढं जरूर शिकवा: आधी मालकाला विचारायचं, रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, आणि चावा बसलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना.