मिनिमम ड्यू भरलं म्हणजे बिल फिटलं नाही!

काल ऑफिसातल्या नव्या मुलाने विचारलं, "सर, क्रेडिट कार्डाचं बिल ४०,०००चं आलंय, पण २,०००च भरायचेत ना?"

नाही रे! ते मिनिमम ड्यू. तेवढं भरलं की लेट फी टळते, व्याज नाही.

महिन्याला साडेतीन टक्के दर धरा, म्हणजे वर्षाला ४२. उरलेल्या ३८,०००वर महिन्याचं व्याज १,३३०, वर १८ टक्के जीएसटी.

शिवाय थकबाकी राहिली की बिनव्याजी मुदतही जाते. उद्या कार्डावर किराणा भरलात, तर त्यावर उद्यापासूनच व्याज! एटीएममधून रोख काढली तर ही मुदत मुळातच नसते.

पूर्ण बिल वेळेत भरणाऱ्याला खरेदीवर व्याज शून्य. म्हणूनच 'कार्ड म्हणजे कर्जाचा सापळा' हे मला पटत नाही. ऑटो-डेबिट लावताना मात्र 'टोटल ड्यू'च निवडा.

बिलातलं काही कळत नसेल तर खाली विचारा. कार्ड नंबर टाकू नका.