‘राज़’ आणि ‘रहस्य’: दानिएलाच्या ग्रंथातला एक अरामी शब्द

बाहू आणि बाजू हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदतात. पहिला संस्कृतातून आलेला, दुसरा फारसीतून. मूळ मात्र एकच. संस्कृतात जिथे ‘ह’ येतो तिथे इराणी भाषांत पुष्कळदा ‘ज़’ येतो. याच हिशेबाने संस्कृत ‘रहस्’ म्हणजे एकांत, आणि अवेस्तातला ‘रज़ह्’ म्हणजेही एकांत. एकांतात बोलायची गोष्ट ती ‘रहस्य’. इराणी बाजूला तेच ‘राज़’ झालं. हैदराबादच्या बोलण्यात ‘राज़ की बात’ आपण रोज ऐकतो, पण तिचं नातं टिळकांच्या ‘गीतारहस्या’तल्या रहस्याशी आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. (राज्य या अर्थाच्या ‘राज’शी किंवा सुट्टीच्या ‘रजे’शी मात्र याचा संबंध नाही. रजा अरबीतून आली.)

हाच ‘राज़’ बायबलमध्येही आहे. दानिएलाच्या ग्रंथाचा बराच भाग, दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीपासून सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, हिब्रूत नसून अरामी भाषेत आहे. अरामी ही इराणच्या हखामनी साम्राज्याच्या दफ्तरांची भाषा होती. मोडी कागदांत फर्मान, दरबार, हुजूर शिरले, तसे त्या अरामीत फारसी शब्द शिरले. एज्राच्या ग्रंथात राजाच्या उत्तराला ‘पितगाम’ म्हटलंय. त्याचाच पुढचा अवतार ‘पैगाम’, आणि तो आणणारा ‘पैगंबर’. ‘राज़’ही असाच आलेला पाहुणा. दानिएलात तो 9 वेळा येतो, त्यातले 8 एकट्या दुसऱ्या अध्यायात.

तो प्रसंग बघण्यासारखा आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नाने अस्वस्थ होतो. ज्ञानी, मांत्रिक, ज्योतिषी सगळे बोलावले जातात. पण राजाची अट विलक्षण: अर्थ तर सांगाच, आधी स्वप्न काय पडलं तेही तुम्हीच सांगा. नाही जमलं तर तुमचे तुकडे करीन. ज्ञानी म्हणतात, महाराज, हे माणसाचं कामच नव्हे. राजा भडकतो आणि सगळ्यांना मारायचा हुकूम देतो. दानिएल हा यहूदातून पकडून आणलेला तरुण. हुकमात तो आणि त्याचे तीन सोबतीही सापडतात. तो मुदत मागून घेतो, घरी जातो, चौघे मिळून या ‘राज़ा’साठी देवाची करुणा भाकतात. रात्री दृष्टांतात तो उलगडतो.

दुसऱ्या दिवशी दानिएल राजाला काय सांगतो? मी इतरांपेक्षा शहाणा म्हणून मला कळलं असं नाही. स्वर्गातला देव ‘राज़’ उघड करतो. मग तो सोन्याचं डोकं, चांदीची छाती, पितळेचं पोट, लोखंडी पाय आणि लोखंड-मातीची पावलं असलेला पुतळा वर्णन करतो. कुणाच्या हाताने न कापलेला एक धोंडा येऊन त्याचा चुराडा करतो. राज्यांमागून राज्यं जातील, असा त्याचा अर्थ.

इथे ‘राज़’ म्हणजे कोडं नव्हे, हे पक्कं धरलं पाहिजे. कोडं हुशारीने सुटतं. गुप्तहेरकथेतलं रहस्य शेवटच्या पानावर सुटतं. दानिएलाचा ‘राज़’ म्हणजे वरच्या दरबारात आधीच ठरलेली, अजून जाहीर न झालेली गोष्ट. ती कळते ती ज्याने ठरवली त्याने सांगितली तरच. म्हणून ग्रंथात ‘राज़’ची जोडी ‘पशर’ म्हणजे उलगडा या शब्दाशी असते: एक झाकलेलं, दुसरं उघड केलेलं. बहुतेक अभ्यासक या ग्रंथाचं आजचं रूप इ.स.पू. 167 ते 164 च्या सुमाराचं मानतात, म्हणजे अंतियोख चौथा यहुद्यांचा धर्म मोडायला निघाला होता तेव्हाचं. तेव्हाच्या वाचकाला या शब्दातून काय मिळत असेल? या राजाचाही शेवट ठरलेला आहे, फक्त अजून सांगितलेला नाही. माझ्या मते शब्दाचं सगळं वजन या आधारात आहे.

1947 पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या आणि या शब्दाला नवा पुरावा मिळाला. हबक्कूकवरच्या भाष्यात म्हटलंय की संदेष्ट्याने लिहिलं खरं, पण काळ कधी पुरा होणार ते त्याला कळवलं नव्हतं. त्या शब्दांतले ‘राज़’ पुढे पंथाच्या गुरूला कळवले गेले. दुसऱ्या एका बोधग्रंथात ‘राज़ निह्ये’, म्हणजे साधारण ‘घडू येणारं रहस्य’, हा प्रयोग वीसहून अधिक वेळा येतो, आणि शिष्याला त्यावर रात्रंदिवस चिंतन करायला सांगितलंय.

ग्रीक भाषांतरात ‘राज़’चं ‘मिस्तेरिओन’ झालं. ग्रीकांत तो शब्द एलेउसिससारख्या दीक्षाविधींचा, तोंड मिटून ठेवण्याचा. त्यामुळे नव्या करारातलं ‘देवाच्या राज्याचं रहस्य’ वाचताना पुष्कळांना गुप्त विधी आठवतो. दानिएल आठवला तर अर्थ जास्त नीट बसतो.

सिरियाक बायबलने, म्हणजे पेशित्ताने, त्याच ठिकाणी पुन्हा ‘राज़ा’ वापरला. सिरियाक ख्रिस्ती मंडळींत त्याचं अनेकवचन ‘राज़े’ पवित्र विधींसाठी रूढ झालं. केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये सर्वांत थाटाच्या कुर्बानाला आजही ‘राज़ा’ म्हणतात. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच जण मानतात. तसं असेल तर कोकणच्या खाडीकाठी हा शब्द मुसलमानी अमदानीच्या कितीतरी आधी, फारसीच्या नव्हे तर अरामीच्या तोंडून ऐकू आला असणार.